मारोतरावांचा मोबाईल ऐकत नव्हता

सासरा दुकानात शिरला तेव्हा माझ्या हातात पेचकस होता. नशीब त्याचं की माझं, ते अजून ठरलेलं नाही.

कोंढ्याच्या बस थांब्यासमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सकाळची पवनीची गाडी नुकतीच येऊन गेली होती. डोमा म्हाताऱ्याचा हात धरून त्याला पायरी चढवत होता. डोमा म्हणजे त्याच्या राईस मिलमधला जुना माणूस, धानाचे कट्टे, म्हणजे पोती, वाहून वाहून पाठीत वाकलेला. म्हाताऱ्याला काचबिंदू झालाय, आता त्याला फक्त उजेड-अंधार तेवढा कळतो, हे माझ्या कानावर आलं होतं. मला वाईट वाटलं नव्हतं. लोक त्याला मारोतराव म्हणतात. मी मनात एकेरीच म्हणते. तेवढं सुख मी अजून सोडलेलं नाही.

डोमानं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. त्यानं नजर खाली घातली, म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं आणि "हे पोरगी पाहून देईन मोबाईल. मी चहा पिऊन येतो, मालक" म्हणून तो सटकला.

"पोरी," म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "हा मोबाईल माह्यं आयकतच नाही. पुतण्यानं नागपूरहून पाठवला, नवाकोरा. म्हणे आत एक बाई हाये, तिले सांगा, ते फोन लावून देते. पण हे बाई त बहिरी निघाली बाप्पा."

"काय म्हणता तिले?" मी विचारलं.

विचारलं आणि माझीच मला धास्ती वाटली. आता हा ओळखणार. पण त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

ओळखणार तरी कसा? त्याच्या घरात मी सून म्हणून नांदले, पण माझा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. चहा झाला की मी दाराची कडी वाजवायची. न्हाणीत पाणी काढून ठेवलं की बादली आपटायची. काही सांगायचंच असलं तर नवऱ्याला सांगायचं, मग नवरा बापाला सांगणार. मिल घराला लागूनच, तिच्या खडखडाटात सगळं घर ओरडून बोलायचं. एकटी मी कडी वाजवायचे. मी असलं दुकान काढलंय हेही त्याला कोणी सांगितलं नसावं. माझं नाव त्याच्यासमोर कोणी काढत नाही.

माझा नवरा मनिष. मिलच्या पट्ट्यात त्याचा गळ्यातला दुपट्टा ओढला गेला, आणि दुपट्ट्याबरोबर तो. माणसाचं कापड आत जाऊ नये म्हणून पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. पण पट्टा घडीघडी घसरायचा, तो चढवताना जाळीची अडचण व्हायची, म्हणून म्हाताऱ्यानं ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. त्या सकाळी मी मनिषला म्हटलं, मामाजींना जाळी लावून घ्यायला सांगा, नाहीतर तुम्ही आत जाऊ नका. तो म्हणाला, बाबांना कोण सांगणार? त्यावरून आमचं वाजलं. शेजारच्या शकुबाईनं ते ऐकलं, आणि भांडण झाल्याचं म्हाताऱ्याच्या कानावर गेलं. दुपारपर्यंत मनिष गेला होता, आणि पंचनामा व्हायच्या आत जाळी पुन्हा जागेवर चढली होती.

"सकाळीच बायकोनं भांडून पाठवलं," म्हातारा सगळ्यांना सांगत सुटला. "पोराचं चित्त ठिकाण्यावर नोहतं." तेरवीला जमलेल्या समाजापुढेही त्यानं हेच सांगितलं. मी माजघरात तोंडावर पदर धरून ऐकत होते. सासऱ्यासमोर बोलायचं नाही ना! त्यानंतर मी इथे आईकडे आले, म्हणजे पाठवली गेले. अजूनही लग्नाघरी बायका मला पाहून कुजबुजतात. नवऱ्याला खाणारी, तोंडाळ. तोंडाळ म्हणे! कडी वाजवणारी मी.

मला त्याच्याकडून बाकी काही नको होतं. ना मिल, ना घर. जाळी आपण काढली होती, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं चारचौघांत म्हणावं, एवढंच हवं होतं. आणि आता तो माझ्यासमोर बसून मोबाईल पुढे धरत होता.

"तिले म्हणतो, डोमाले फोन लाव," तो सांगू लागला. "घसा फाटेस्तोवर म्हणतो. त्या रोजी मी न्हाणीत घसरून पडलो. दाराले आतून कडी, बाहेर मिल चालू. बोंबललो, पण कोणाले आयकू जाईन? मोबाईल खुंटीले टांगून होता. त्याले आवाज देऊन देऊन थकलो, बाईनं हूं म्हणून नाही म्हटलं. डोम्या जेवाले बोलवाले आला तवा सापडलो. मराचं भेव नाही वो मले. पण तसा पडून, उघडा... तसं नको."

मी मोबाईल हातात घेतला. मन कितीही तापलेलं असलं तरी हात आपलं काम करतात, ही या धंद्याची सवय.

आधी त्याचा आवाज नोंदवून पाहिला. ऐकलं तर नुसती खसखस. खालचं माइकचं छिद्र कोंड्यानं गच्च भरलेलं, मिलच्या हवेत उडणारा पिवळसर कोंडा, घामानं भिजून आत बसलेला. मऊ ब्रशनं खरवडून काढला. पुन्हा नोंदवलं. आवाज स्वच्छ आला, पण बाई अजून गप्प. सेटिंग उघडली. तिला माइक वापरायची परवानगीच नव्हती. पुतण्यानं भाषा इंग्रजी ठेवलेली. म्हाताऱ्याची बोली तिला कुठून समजणार? त्यात बॅटरी वाचवायची सोय चालू, म्हणजे स्क्रीन झोपली की बाईही झोपायची. एकेक करून सगळं सरळ केलं, भाषा मराठी केली. उरला फक्त सराव. या बाईला मालकाचा आवाज शिकवावा लागतो, तीच हाक पुन्हापुन्हा मारून.

म्हातारा एवढ्या मोठ्यानं ओरडला की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली.

"हळू बोला," मी म्हटलं. "कल्ला केला त तिले समजत नाही."

"हळू बोलून कोण आयकते वो?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी ते गिळलं.

तो हळू बोलला. पुन्हा बोलला. बाईनं हाक ओळखली आणि गोड आवाजात विचारलं, काय मदत करू? म्हातारा एकदम हसला. दात नसलेलं, मोकळं हसू. खरं सांगते, त्या घटकेला मी मोबाईल त्याच्या गळ्यात अडकवून त्याला वाटेला लावलं असतं. आपली पीडा आपल्या दारातून जाऊ दे, असंच वाटलं. पण जाता जाता विचारलं, "घरी कोणीच नाही का तुमच्या?"

"कोण राहीन?" तो म्हणाला. "बायको मेली. पोरगा होता, जवान. सून होती एक, अवदसा. सकाळीच भांडून पाठवलं त्याले मिलमधी. चित्त नोहतं त्याचं. खाल्लं तिनं माह्या पोराले."

हे त्यानं रडून सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. एखाद्यानं बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. इथे ना समाज जमला होता, ना पंचनामा होता. कोणी जाळीबद्दल विचारलंही नव्हतं. एका अनोळखी पोरीजवळसुद्धा तो खोटंच बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"द्या इकडे," मी म्हटलं. "थोडं काम राहिलं."

मोबाईलमध्ये एक सोय असते. आपण एक वाक्य ठरवून ठेवायचं; ते म्हटलं की आपण नेमून दिलेलं काम बाई करते. लोक 'मी निघालो' असं ठेवतात, आणि ती घरी निरोप धाडते. म्हाताऱ्याच्या मोबाईलमध्ये दोनच नावं होती, डोमा आणि पुतण्या वीरेंद्र. दोन्ही पुसली. आता कितीही वेळा 'डोमाले फोन लाव' म्हटलं तरी तिला डोमा सापडणार नव्हता. मग डोमाच्या नंबराला मी एक वाक्य बांधलं. मी म्हाताऱ्याला मारायला निघाले नव्हते. तो पडला तर डोमा धावून यायलाच हवा होता. त्यासाठी काय म्हणावं लागेल, ते मात्र आता मी ठरवत होते.

"झाला," मी म्हटलं. "आता पडले का बाईले हाक माराची आणि म्हणाचं, 'पट्ट्याची जाळी मीच काढली होती.' बस. डोमाले फोन लागते. दुसरं काही म्हटलं त नाही लागत."

म्हाताऱ्याचं तोंड हळूहळू माझ्या दिशेने वळलं.

"तू कोण व्हय?"

मी दुकानाच्या दाराची कडी हातात घेतली आणि वाजवली. चहा झाला की वाजवायचे, तशी.

"शालू," तो म्हणाला. माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हो, मामाजी."

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

"नाही काढत."

"दुसऱ्या दुकानात जाईन मी."

"जा न. पवनीले जा, भंडाऱ्याले जा. चुटकीसरशी काढून देईन कोणीबी. फक्त काढणारा आधी ते वाचीन. तुम्हाले दिसत नाही म्हणून मोठ्यानं वाचून दाखवीन. मंग इचारीन, कायची जाळी वो बाबा? त्याले काय सांगता, ते ठरवून जाजा."

"मरून जाईन, पण म्हणणार नाही."

"नका म्हणू. मी कुठं जबरदस्ती करून राहिली?"

तो उठला, दाराच्या चौकटीवर आदळला आणि "डोम्या! अबे डोम्या!" असा ओरडत पायरीशी उभा राहिला. डोमा धावत आला. मी मोबाईल दोरीसकट म्हाताऱ्याच्या गळ्यात घातला. त्यानं तो झिडकारला नाही, मुठीत घट्ट धरला. मला फार बरं वाटलं. त्या दुपारी आईनं काय रांधलं होतं ते आठवत नाही, पण मी दोनदा वाढून घेतलं.

नंतर मी वाट पाहत राहिले. डोमा कोंढ्याच्या बाजारात दिसला की मी विचारायचे, "काढलं का ते?" तो मान हलवायचा. नाही. कोणाला दाखवतही नाहीत म्हणे, गळ्यातून काढत नाहीत. आपल्याच नंबराला कोणतं वाक्य बांधलंय, ते डोमाला ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दिवाळी गेली. हलकं, लवकर पिकणारं धान कापून, चुरून घरात आलं. आमचं धान आम्ही दर वर्षी लांबच्या मिलवर नेत होतो, त्या माणसाचं तोंड पाहायला नको म्हणून. यंदा मी ऑटोवाल्याला सांगितलं, मारोतरावांच्या मिलवर.

"तथी काहून वो?" माझी आई गोदावरीबाई घाबरली. "कायले जाचं त्यायच्या दारी?"

"पाहाले," मी म्हटलं.

अंगण माणसांनी भरलेलं होतं. नव्या तांदळाची घाई सगळ्यांनाच. ट्रॅक्टर, ऑटो, सायकलवर आडवे टाकलेले कट्टे. मी उतरले तशा बायका सरकून बसल्या, जागा द्यायला नव्हे, अंतर ठेवायला. शकुबाईही होती, आपल्या कट्ट्याला पाठ टेकून. मी तिच्याच शेजारी जाऊन बसले. मिल अशी धडधडत होती की पायाखालची जमीन हलावी. म्हाताऱ्याची खुर्ची रिकामी होती.

"मालक आंघोळीले गेले," डोमा माझ्या कानाशी येऊन ओरडला.

मी ते मनावर घेतलं नाही. तो येईल, खुर्चीत बसेल, डोमा त्याला सांगेल की सूनबाई धान घेऊन आली, आणि मी त्याचं तोंड पाहीन, एवढ्यासाठीच मी गेले होते. नंबर येईपर्यंत बसायचंच होतं. ऊन डोक्यावर आलं. डोमानं जेवणाच्या सुट्टीसाठी खटका ओढला. पट्टा फटफट करत मंदावला आणि थांबला. मिल थांबल्यावर कान काही वेळ सुन्न राहतात. माणसं बोलायची थांबतात आणि उगाच एकमेकांकडे पाहतात.

त्या शांततेत न्हाणीच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"...मीच काढली होती! आयक वो बाई! पट्ट्याची जाळी मीच काढली होती! मीच काढली होती!"

आवाज बसलेला, चिरका झालेला. किती वेळ ओरडत होता कोण जाणे. मिल थांबलेली त्याच्या ध्यानातच आली नव्हती. मग तो थांबला. बहुतेक माझं सांगणं त्याला आठवलं असावं. त्यानं बाईला हाक मारली आणि अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "पट्ट्याची. जाळी. मीच. काढली होती."

डोमाच्या खिशातला मोबाईल वाजला.

डोमानं तो काढून पाहिला आणि तसाच वाजता ठेवून पळत सुटला. मागून दोघे जण गेले. दार मोडल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं, खाटेवर टाकलं. कोपर सोलवटलं होतं, ओठ निळे पडले होते. बाकी धड होता. मोबाईल त्याच्या मुठीत होता.

मी उभी राहिले. सगळ्यांना दिसावी अशी, अंगणाच्या मधोमध. या घडीसाठी मी किती दिवस जळत होते! माझ्या मनात ही घडी शंभरदा होऊन गेली होती. माणसं तोंडात बोट घालतील. बायका एकमेकींचा हात धरतील. शकुबाई रडेल, माझ्यापाशी येईल. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले.

"पडला वाटते बुढा," कोणीतरी म्हणालं.

"लागलं का जास्त?"

"न्हाणीत दगड घसरता हाये त्यायच्या."

एकानं बिडी पेटवली. शकुबाई कट्ट्याचं तोंड पुन्हा आवळून बांधत होती. जाळी? कोणती जाळी? असं कोणीही विचारलं नाही. अख्ख्या अंगणात एका माणसानं विचारलं नाही.

"आयकलं का, मावशी?" मी शकुबाईला विचारलं. माझा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता.

"आयकलं."

"मंग?"

तिनं मान वर केली नाही. सुतळीची गाठ मारत राहिली. "आता त्याले काय वो, शालू. सगळ्यायले मालूमच होतं. जाळी भितीले टेकवून राहे. धान घेऊन येणारा हरेक माणूस पाहे."

"आमचं भांडण कायचं होतं, तेबी मालूम होतं?"

"भित एकच हाये आपली. आयकलं होतं मी."

"मंग तेरवीले काहून नाही बोलली? मी आत बसून होती, मावशी. तुह्याच आवाजाची वाट पाहून राहिली होती."

शकुबाईनं आता वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत लाजही नव्हती, रागही नव्हता. "गावात मिल एकच हाये न, बाई," ती म्हणाली. "धान कुठं नेलं असतं आमी?"

खाटेवर म्हातारा कुडकुडत होता. डोमा त्याला पाणी पाजत होता आणि माझ्याकडे पाहायचं टाळत होता. डोमानंही ती जाळी रोजच पाहिली असणार; पंचनाम्याच्या आधी ती कोणाच्या हातांनी जागेवर चढली, हेही मला त्या घडीला कळलं. मागितलं होतं ते मला मिळालं होतं. त्याच्या तोंडून, चारचौघांत, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. आणि माझं मन जरासुद्धा शांत झालं नाही. आजवर माझा राग एकट्या आंधळ्या माणसावर होता. अंगणात बसलेल्या या डोळसांचं काय?

"चाल माय, घरी चाल," आई माझा हात ओढू लागली. "झालं न तुह्या मनासारखं?"

मी हलले नाही. प्रत्येकाकडे नीट पाहून घेतलं. बिडीवाल्याच्या वरच्या खिशात मोबाईल होता. ऑटोत बसलेल्या पोरीच्या कानाला होता. शकुबाईच्या कमरेला कापडी पिशवीत लोंबत होता, त्यावर तिच्या सुनेनं भरतकाम केलेलं. आणि इथून पवनीपर्यंत मोबाईल दुरुस्तीचं दुकान एकच.

मी शकुबाईकडे पाहून हसले.

"मावशी," मी म्हटलं, "मोबाईल बिघडला त माह्याकडेच आणजा."